भोंग्यातून पार झालेले आवाज

कोणता गायक आवडतो, हा विषय निघाला की शहरातले माझे मित्र लगेच हेडफोन काढतात. हे ऐक, इथे श्वास कसा घेतलाय बघ, तिथे मागे सतार किती बारीक वाजतेय. ऐकायला मला आवडतं. पण माझी आवडनिवड त्या हेडफोनच्या फार आधी ठरून गेली होती, आणि ती ठरवली होती लिंबाच्या फांदीला तारेनं आवळून बांधलेल्या एका चेपलेल्या भोंग्यानं.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर-अंजनगावकडच्या खारपाणपट्ट्यातलं. काळी, सपाट जमीन. उत्तरेला निळसर रेघेसारखा मेळघाट दिसतो तेवढाच. बाकी आवाज अडवायला टेकडी नाही की दाट झाडी नाही. लग्न ठरलं की आदल्या दिवशी बिछायतवाला बैलगाडीत सामान घालून यायचा. सतरंज्या, कनाती, पेट्रोमॅक्स, आणि या सगळ्यांच्या वर, कोणाचा हात लागू नये म्हणून गोधडीत गुंडाळलेली तव्यांची, म्हणजे गाण्याच्या तबकड्यांची, पेटी. मांडवाचे खांब रोवायच्या आधी तो नवरदेवाच्या बापाला विचारायचा, "तोंड कोन्या आंगानं करू जी?" हे तोंड भोंग्याचं. बहुतेक बाप सांगायचे, "वावराकडं कर. गावातल्या लोकायले तं ठाऊकच हाये." कापूस वेचणाऱ्या बाया दोन शिवारांपलीकडून ओळखायच्या, की आज अमक्याकडं हळद लागली.

त्या भोंग्यात गाण्याचं काय व्हायचं, ते मला फार पुढे कळलं. भोंग्यातून साधारण तीनचारशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेरच पडत नाही. तबल्याचा डग्गा गेला, ढोलकीचा घुमा गेला, व्हायोलिनच्या ताफ्याचा एक पापुद्रा तेवढा उरला. वरचं नाजूक, झुळझुळीतही फार दूर जात नाही. राहतो तो मधला पट्टा, ज्यात माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं असतात आणि गळ्याची धार असते. निसर्गाची गंमत अशी की आपला कान सगळ्यात तिखट असतो तो दोन ते पाच हजार हर्ट्झच्या दरम्यान. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, तिचा स्वतःचा घुमारच तिथला. युरोपातले ऑपेरा गायक माइकशिवाय एवढ्या मोठ्या वाद्यवृंदावरून आवाज पोचवतात, तेही तीन हजार हर्ट्झच्या आसपास गळ्याचा जोर एकवटून. त्या पट्ट्यात वाद्यं दुबळी पडतात, माणूस वर येतो.

म्हणजे आमच्याकडे कोणताही गायक पोचायचा तो साजशृंगार उतरवून. संगीतकारानं घातलेले सगळे दागिने भोंगा काढून घ्यायचा. मग ज्याच्याकडे स्वतःचं काही असेल, तो उरायचा.

लता मंगेशकर उरायच्या. बाईंचा आवाज बारीक, उंच, म्हणून पोचायचा हे खरं; पण बारीक आवाजाच्या गायिका तेव्हा आणखीही होत्या. त्यांचे शब्द भोंग्यात चघळले जायचे. लताबाईंचा एक शब्द दुसऱ्यावर कधी चढत नसे. तरुणपणी दिलीपकुमारांनी त्यांच्या उर्दूला मराठी वरणभाताचा वास येतो असं काहीसं म्हटलं, आणि त्यांनी एका मौलवींकडे उच्चार शिकायला सुरुवात केली, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्या शिकवणीचा फायदा आमच्या वावरातल्या बायांना असा झाला, की हिंदीचा एक शब्द न समजणाऱ्या माझ्या आजीला अख्खी गाणी अक्षर न् अक्षर पाठ होती. अर्थ तिनं स्वतःचे लावले होते. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, पण मूळ अर्थापेक्षा वाईटही नव्हते.

प्रल्हाद शिंदे तर भोंग्यासाठीच जन्माला आले होते असं मला वाटायचं. १९३३ साली मंगळवेढ्याकडं जन्मलेला हा माणूस. वऱ्हाडाशी तसा संबंध काही नाही. पण आषाढीला विठ्ठलाच्या देवळावर तोच आवाज, १४ एप्रिलला बौद्ध विहारावर तोच आवाज, आणि दर्ग्याच्या उरुसात कव्वालीची कॅसेट लावली तर तिथंही बऱ्याचदा तोच. गावात वस्त्या वेगळ्या, विहिरी एकेकाळी वेगळ्या, गळा मात्र एक. त्या आवाजात एक किंचित फाटलेपण होतं, वरच्या सुरावर जाताना तो जरासा खरवडायचा. एखाद्या संगीतशिक्षकानं ते खरवडणं दुरुस्त करून दिलं असतं, तर शिंद्यांचा आवाज आम्ही ओळखला असता का, याची मला शंका आहे. २००४ साली ते गेले. कॅसेटी गेल्या, सीडी गेल्या, पेनड्राइव्ह आले. आषाढीची पहाट अजून त्यांच्यावाचून होत नाही. त्याच काळातले दुसरे म्हणजे लोकशाहीर विठ्ठल उमप. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या मंचावरच ते कोसळले आणि गेले. त्यांचा आवाज वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावरही एवढा टणक होता, की आमच्या इकडच्या लोकांना ती बातमी दोनदा ऐकूनही खरी वाटली नव्हती.

भोंगा यायच्या आधी काय होतं? भजन होतं. आणि आमच्या जिल्ह्यात भजन म्हटलं की पहिलं नाव तुकडोजी महाराजांचं. १९०९ साली यावलीला जन्म, मोझरीला गुरुकुंज, आणि हातात खंजिरी. १९४२ मध्ये चिमूर-आष्टीचा उठाव झाला, तेव्हा इंग्रज सरकारनं या भजनं म्हणणाऱ्या माणसाला पकडून तुरुंगात ठेवलं. पुढे १९५५ साली जपानमध्ये विश्वधर्म परिषदेला गेले, तिथेही खंजिरी बरोबर. त्यांच्या आवाजातली मुद्रणं आज मोबाइलवर फिरतात. ऐकलीत तर जाणवेल, की हा दिवाणखान्यातला गळा नाही. हजारो माणसं उघड्या मैदानात बसलेली आहेत, शेवटच्या ओळीत बसलेल्या बाईच्या मांडीवर पोर रडतंय, आणि तिलाही शब्द कळला पाहिजे, अशा हिशेबानं लावलेला तो आवाज आहे. ओळ संपताना ते सूर लांबवत बसत नाहीत. शब्द टाकतात आणि खंजिरीला पुढे करतात.

आमच्या गावच्या गुरुदेव सेवा मंडळात जे बुवा होते, ते त्याच वळणाचे. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. हिवाळ्यात भजनाआधीची त्यांची तयारी मला अजून डोळ्यांपुढे दिसते. दवामुळे खंजिरीचं चामडं सैल पडायचं. देवळाच्या ओट्याखाली पऱ्हाट्या पेटवलेल्या असायच्या. बुवा खंजिरी त्या जाळापासून वीतभर वर धरायचे, पालथी, मग उलथी, आणि मधूनच मधल्या बोटानं टिचकी मारून कान लावायचे. थप्प असा ओला आवाज यायचा, तोवर पुन्हा जाळावर. हळूहळू तो चढत जायचा. एक टिचकी अशी पडायची की घुंगरासारख्या त्या चकत्या आपोआप शहारायच्या. मग बुवा म्हणायचे, "झाली जागी." आणि स्वतःचा गळा? त्यासाठी काहीच नाही. तंबाखू थुंकायची, पाण्यानं चूळ भरायची, सुरू.

बुवांचा आवाज चांगला नव्हता. हे मी कौतुकानं बोलत नाही, खरोखरच नव्हता. बसका, खरखरीत, वर गेला की घोगरा व्हायचा. गावात त्यांच्याहून गोड गळ्याचा एक मास्तर होता, हार्मोनियमवर बसायचा, रागदारी थोडी शिकलेला. त्यानं अभंग म्हटला की लोक माना डोलवायचे आणि बुवांनी म्हटला की मधेच कोणीतरी बिडी विझवायचा. फरक काय होता यावर मी बरीच वर्षं विचार केलाय. एक तर मास्तर सुराकडे बघून गायचा आणि बुवा समोरच्या माणसाकडे बघून. दुसरं म्हणजे बुवांना कोणत्या शब्दावर थांबायचं ते कळत होतं. ते ओळीच्या मधेच, भलत्याच जागी, श्वास घ्यायचे. पुढचा शब्द आपल्या मनात आधी उमटायचा आणि मग त्यांच्या तोंडून यायचा. झील ओढणारी माणसंसुद्धा त्या थांबण्याला फसायची, एखादा आधीच सुटायचा, आणि बुवा त्याच्याकडे बघून मिस्कील हसायचे.

पहिल्यांदा माइक आला तेव्हा बिछायतवाल्याच्या पोरानं तो त्यांच्या तोंडाशी आणला. "बुवा, जरा जवळ या ना."

"कायले बे? तो बयरा हाये का?"

पुढे सवय झाली, पण शेवटपर्यंत ते माइकपासून हातभर लांब राहून गायले.

गोडव्याचा आणि लक्षात राहण्याचा संबंध मुळात किती, हे बघायचं असेल तर गाडगेबाबांचं कीर्तन ऐकावं. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात बाबांचं कीर्तन झालं, त्याचं ध्वनिमुद्रण सुदैवानं उरलं आहे. बाबा तेव्हा ऐंशी वर्षांचे. त्यानंतर जेमतेम दीड महिन्यानं, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर ते गेले. मुद्रण घरघरतं. त्यातून जो आवाज येतो त्याला गायकाचा आवाज कोणी म्हणणार नाही. तो बाजारात, जत्रेत, ऋणमोचनच्या घाटावर ओरडून ओरडून तयार झालेला आवाज. बाबा प्रश्न विचारतात, लोक उत्तर देतात. बाबा तेच उत्तर पुन्हा त्यांच्याच अंगावर टाकतात. बोली आमचीच, शेंडगावची, अंजनगावकडची. मुंबईत, पोलिसांपुढे, एक शब्द पॉलिश केलेला नाही. आणि मधेच गोपालाचा गजर सुरू होतो, तेव्हा कळतं की या माणसाला ताल किती पक्का ठाऊक होता. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं याची शिवण सापडत नाही. मी ते पहिल्यांदा ऐकलं ते एसटीत, मोबाइलवर, आणि शेजारचा अनोळखी म्हातारा माझ्या खांद्यावर वाकून म्हणाला, "आमच्या बुढ्यानं पाह्यलेले हायेत बाबा." मग दर्यापूर येईपर्यंत मोबाइल त्याच्याच कानाला होता.

इतका वेळ मी दूरवर पोचणाऱ्या आवाजांबद्दलच बोलतोय. त्या न्यायानं तलत महमूद माझ्या आवडीच्या यादीत यायलाच नको. तलतचा आवाज भोंग्यात मरायचा. बिछायतवाला त्याचा तवा सहसा लावतच नसे. लावला तर लोक म्हणायचे, मशीन बिघडलं का पाहा. तो कंप, ते हळू बोलल्यासारखं गाणं, मांडवाच्या कनातीपर्यंतसुद्धा धड पोचत नसे.

तलत मला भेटला जागलीत. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, रात्रीत वावर साफ करतात, म्हणून घरातला कोणीतरी मचाणावर झोपायला, म्हणजे न झोपायला, जातो. थंडी अशी की घोंगडीतून हात बाहेर काढवत नाही. मी काकांबरोबर जायचो. काका डबा वाजवायचे, अधूनमधून हाळी द्यायचे, आणि उरलेला वेळ ट्रान्झिस्टर छातीवर ठेवून पडून राहायचे. दिवसा आमच्याकडे नागपूर आकाशवाणी, ५८५ किलोहर्ट्झ, तेवढी स्वच्छ लागायची. रात्री मात्र आकाशातला तो थर, जो दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो, नाहीसा होतो आणि कुठली कुठली दूरची केंद्रं येऊन मिळतात. ती येतात आणि जातात. गाणं चालू असताना आवाज दूर जातो, बुडतो, पुन्हा वर येतो. तलतचं गाणं लागलं की त्यातला कंप त्याचा किती आणि हवेचा किती, सांगता यायचं नाही. संगीतकार अनिल विश्वास यांनी त्याला, हा कंप लपवू नकोस, तोच तुझा आहे, असं बजावलं होतं म्हणतात. त्यांचे उपकार. तो कंप त्यानं दाबून टाकला असता तर दुसऱ्या कोणाचं तरी गाणं म्हणून मी तो ऐकून सोडून दिला असता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात आवाजांचे दोन कप्पे आहेत. काही आवाज शिवार ओलांडायला असतात, काही छातीवर ठेवायला. रफीसाहेब मात्र दोन्हीकडे बसतात, आणि त्यामुळेच त्यांच्याबद्दल मला काही लिहिता येत नाही.

मूर्तिजापूरला गाडी थांबली की मला वसंतराव देशपांडे आठवतात, कारण त्यांचा जन्म तिथला, १९२० चा. पुढे आई त्यांना घेऊन नागपूरला गेली, ते घडले तिथे. पोटासाठी लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली आणि चाळिशी उलटल्यावर, १९६७ साली, 'कट्यार काळजात घुसली' या नाटकातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेनं महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं. त्यांच्या आवाजाला गोड म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. तो एका तानेत तीन ठिकाणी वळतो, मधेच चिडतो, मधेच विनोद करतो. शांतपणे ऐकता येत नाही असा आवाज. मला त्यात वऱ्हाडी माणसाचा तिरकसपणा दिसतो. पुणेकर मित्रांना अर्थातच दिसत नाही.

आणि मोर्शीकडच्या आष्टगावचे भीमराव पांचाळे. मराठी गझल गाणारा माणूस आमच्या जिल्ह्यातल्या एका खेड्यातून यावा हे ज्यांना नवल वाटतं, त्यांनी सुरेश भटही अमरावतीचेच होते हे ध्यानात घ्यावं. पांचाळे शेराची पहिली ओळ गातात, पुन्हा गातात, पुन्हा वेगळ्या अंगानं गातात. दुसरी ओळ देतच नाहीत. मैफलीत माणसं पुढे सरकून बसतात. बुवा श्वासासाठी भलतीकडे थांबायचे, त्याच जातीचं हे थांबणं आहे, फक्त याला तालीम लाभलेली.

किशोरकुमारवर आमच्या पानठेल्यावर वेगळाच वाद असतो. त्याचं गाव खंडवा हे मध्य प्रदेशात, पण अकोल्याहून मीटरगेजची गाडी अकोट, धूळघाट करत मेळघाटातून सरळ खंडव्याला जायची. त्यामुळे किशोर आपलाच, असं ठेलेवाल्याचं ठाम मत. "एका गाडीवरचा मानूस हाये तो. त्याच्या यॉडलिंगमंदी धूळघाटचा वळसा आयकू येते, नीट आयका." मी नीट ऐकलं. मला नाही ऐकू आला. पण त्याच्यासमोर मी हो म्हणतो, कारण उधारी त्याच्याकडे असते.

ज्यांचं काहीच मुद्रित नाही असे आवाज या लेखात येणार नाहीत, कारण त्यांचा पुरावा मी देऊ शकत नाही. निंदणाच्या पातीवर पुढे राहून गाणं सुरू करणारी बाई, जिच्या मागे बाकीच्या झील ओढायच्या. भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर भुलाबाईची गाणी म्हणत फिरणाऱ्या पोरींमधली एखादी. पोळ्याला तोरणाखाली झडती, म्हणजे पोळ्याचं कवन, टाकणारे गडी, ज्यांच्या "हर बोला" नं बैलही कान टवकारायचे. त्यांची नावंसुद्धा आता गावात कोणाला आठवत नाहीत. कसं म्हणायचे ते मात्र लोक अजून करून दाखवतात.

आता डीजे आहे. ट्रॉलीवर माणसाच्या उंचीचे खोके, आणि सगळा जोर खालच्या पट्ट्यात. भोंग्याच्या बरोबर उलट. घराची पत्र्याची दारं थरथरतात, पोटात गोळा येतो, आणि मधला तो पट्टा, जिथे माणूस असतो, तोच नेमका बुडतो. पुतण्या म्हणतो, "काका, छातीत वाजलं पायजे." मी विचारलं, गातंय कोण? त्यानं मोबाइल काढून बघितला. त्यात त्याचा दोष नाही. सूर दुरुस्त करणाऱ्या यंत्रातून काढलेले दहा गळे एकापुढे एक ठेवले तर मलाही नाव बघावं लागेल. बेसूर कोणीच नाही, हे त्यांचं दुखणं.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावी खंजिरी भजन स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बसवलं. हातात छापील कागद: सूर, ताल, पाठांतर, गणवेश. गणवेशाला दहा गुण. आवाजाला रकाना नाही. रात्री उशिरा मुलींचं एक मंडळ आलं. पुढे म्हणणारी पोरगी नववी-दहावीतली असेल. उघडताच तिनं असा गळा लावला की मागच्या बाजूला रोडगे भाजणारी माणसं उठून पुढे आली. वरच्या सुराला आवाज फाटला, तिनं तो तसाच फाटू दिला आणि ओळ पुरी केली. माझ्या शेजारच्या परीक्षकानं सुराचे चार गुण कापले. मी त्याच रकान्यात पूर्ण गुण दिले. आमची जराशी बाचाबाची झाली, कागदानुसार तोच बरोबर होता.

नंतर मी तिला विचारलं, कोणाचं ऐकून शिकलीस?

"कोनाचंच नाही जी. माया आजा म्हशी आनते ना नदीवरून, तो हाक मारते तसा आवाज लावतो मी."

त्यांच्या मंडळाला तिसरं बक्षीस मिळालं, पाचशे एक रुपये आणि एक स्टीलची घागर. घागर कोणाच्या घरी ठेवायची यावरून ऑटोत बसेपर्यंत पोरींचं भांडण चाललं होतं, आणि त्या भांडणातही तिचाच आवाज सगळ्यांच्या वर होता.